तयार दिवाळी संच: उटणं उत्तम, तेल नको, पुस्तिका नव्यानं लिहायला हवी

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. १,२५० रुपयांच्या या दिवाळी संचातलं उटणं फार चांगलं आहे, सुटं मिळालं तर नक्की घ्या. अनारशाचं पीठही चांगलं आहे. पणत्या दिसायला सुरेख, पण त्यांच्यावर थोडी मेहनत घ्यावी लागते. तेल वापरू नका. केरसुणीनं झाडता येत नाही. आणि सोबतची माहितीपुस्तिका मराठी घरांसाठी नव्यानं लिहायला हवी. का ते पुढे सविस्तर लिहिते.

विकणाऱ्यांचं नाव मी देत नाही. असे संच आता बरेच जण विकतात आणि आतल्या वस्तू थोड्याफार याच असतात. काय तपासून घ्यायचं ते कळलं की कुणाचाही संच पारखता येईल.

मी दोन मागवले. एक आमच्या ठाण्याच्या घरी, दुसरा बेंगळुरूला लेकीकडे. तिचं लग्न मे महिन्यात झालं, म्हणजे हा तिचा पहिला दिवाळसण. जावयांना बोलवायचं, पहाटे तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ओवाळायचं, ताटाखाली आहेर ठेवायचा, हे सगळं मनात होतं. पण दोघांनाही रजा मिळेना. जावयांचं गाव साताऱ्याकडे, आम्ही मूळचे कुडाळकडचे. दोन्हीकडच्या रीती वेगळ्या आणि दोन्ही घरं लांब. तेव्हा निदान सामान तरी हाताशी असावं, म्हणजे ती दोघं आपापल्या घरी जे पाहिलं ते तिथे करू शकतील, एवढ्यासाठी हा संच. म्हणून मी प्रत्येक वस्तू एकाच प्रश्नानं तपासली: घरात सांगायला कुणी मोठं माणूस नसताना ही वस्तू घेऊन तो दिवस नीट साजरा करता येईल का?

उटण्यापासून सुरुवात करते, कारण संचाची खरी किंमत तिथेच आहे. डबी उघडल्यावर पहिला वास आला नागरमोथ्याचा, ओल्या जमिनीचा असतो तो. मागून वाळा, मग कापूरकाचरी, आणि अगदी शेवटी गुलाबाची पुसट चाहूल. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाजारातल्या बऱ्याच उटण्यांना उघडताक्षणी नुसतं गुलाबाचं अत्तर येतं आणि त्याखाली दुसरं काही नसतं. लेबलवर नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, मसूर डाळ आणि मुलतानी माती लिहिली आहे. दळल्याची तारीखही छापली आहे, दिवाळीच्या तीन आठवडे आधीची. उटणं जुनं झालं की वास मरतो, तेव्हा ही तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चिमूटभर तळहातावर घेऊन दुधात कालवलं. रंग मातकट, फिकट तपकिरी. पिवळाधमक रंग आला असता तर समजायचं की आंबेहळदीऐवजी रंग घातलाय. हाताच्या पाठीवर चोळून थोडं वाळू दिलं आणि कोमट पाण्यानं धुतलं. डाग नाही, खाज नाही, त्वचा मऊ. दळण मध्यम आहे, लेप होऊन अंगाला चिकटून बसत नाही आणि लहान मुलांना बोचतही नाही. १०० ग्रॅमच्या डबीत चार माणसांचं अभ्यंग आरामात होतं. घरी दूध नको असेल तर नुसत्या कोमट पाण्यात कालवलं तरी चालतं, पण तेल लावलेल्या अंगावर दुधातलं जास्त छान बसतं.

आता तेल. इथे मला मनापासून वाईट वाटलं. बाटली देखणी, काचेची, गळ्याला लाल-पिवळा दोरा. वर मोठ्या अक्षरांत ‘अभ्यंग तेल’. मागे बारीक अक्षरांत घटक वाचले तर पहिलंच नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’. म्हणजे खनिज तेल, पेट्रोलियमपासून निघणारं. तिळाचं तेल यादीत शेवटून दुसरं, त्याच्या मागे सुगंध. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा असते असं आपल्याकडे मानतात. ती श्रद्धा बाजूला ठेवली तरी आश्विन संपता संपता हवा कोरडी पडू लागते, त्वचा फुटायला लागते, आणि त्या दिवसांत तिळाचं कोमट तेल अंगात जिरवायचं, मग उटण्यानं जादा तेल काढायचं, ही रीत शरीराला धरून आहे. खनिज तेल अंगावर नुसतं वर वर राहतं. ते जिरत नाही आणि उटण्यानं नीट निघतही नाही. मी अर्ध्या हाताला ते आणि अर्ध्या हाताला घाण्याचं तीळतेल लावून पाहिलं. तिळाचं काही वेळात जिरलं. दुसऱ्या बाजूला उटण्याचे गोळे होऊन हातावरून घसरायला लागले. लेकीला लगेच कळवलं की ती बाटली बाजूला ठेव आणि तिथल्या किराणा दुकानातून तिळाचं तेल आण. बेंगळुरूत ते सहज मिळतं.

संचात मोती साबणाची वडी आहे, गुलाबाची. अनेक मराठी घरांत दिवाळीच्या पहाटेला तो गोल साबण लागतोच. आमच्याकडे माझे सासरे त्याशिवाय अंघोळीला उतरत नसत. त्याबद्दल तक्रार नाही.

जे या संचात नाही आणि कुठल्याच संचात असू शकत नाही, ते म्हणजे कारीट. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या वेलाचं ते अंड्याएवढं हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं, कडूजहर फळ. चावदिशी, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे न्हाऊन आलं की तुळशीपुढे उभं राहायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट ठेवायचं, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत फोडायचं. नरकासुराचा वध म्हणतात तो हाच. त्याचा रस जिभेला लावायचा, कपाळाला टेकवायचा. ‘कारीट फोडलंस काय गो?’ असं माझी आजी प्रत्येकीला विचारून मगच पोह्यांच्या पानावर बसू द्यायची. आणि मग ते फोव! नव्या भाताचे पोहे, गुळाचे गोडे, तिखट, दह्यातले, दुधातले, ताकातले. त्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन वाटीभर खायचे असतात. ताजं फळ कुरिअरच्या खोक्यात सडणार, हे मला कळतं. पण पुस्तिकेत एक ओळ तरी हवी होती की तुमच्याकडे कारीट, चिराटं जे काय म्हणत असतील ते मिळालं तर आणा. ठाणे, दादरच्या बाजारात दिवाळीआधी टोपल्या भरून येतात. लेकीला तिथे मिळालं नाही. तिनं कारल्याचा छोटा तुकडा फोडला आणि जीभ लावली. मला ते पटलं. गोडाधोडाच्या आधी कडू चाखायचं, हा त्या पहाटेचा गाभा तिनं सोडला नाही. जावयांनीही चाखलं. त्यांच्याकडे ही रीत नाही, पण त्यांनी फोनवर ‘आई, तोंड अजून कडू आहे’ म्हणून सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पणत्या बारा आहेत, लाल मातीच्या, चाकावर केलेल्या. बुडाला दोऱ्यानं कापल्याची वर्तुळं दिसतात, त्यावरून ओळखता येतं. बाहेरून पांढऱ्या रंगानं ठिपके काढलेत, ते छान आहेत. पण चार पणत्यांना आतूनही चकचकीत रंग दिलाय. पहिल्याच संध्याकाळी ज्योत काठाशी आली तशी त्या रंगाला फोड आले आणि घाण वास सुटला. आतून रंगवलेली पणती घेऊच नका. बाकीच्या आठ उत्तम, फक्त एक काम करा: वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. कोरडी माती तेल पिते. न भिजवलेल्या पणतीखाली माझ्या जोत्यावर तेलाचं गोल उमटलं, भिजवलेलीखाली नाही. हे पाकिटावर लिहायला दोन ओळी लागतील. नव्या मुलीला हे कुणी सांगणार?

मुंबईतल्यांनी तर पणत्या संचातून घ्यायचं कारणच नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात जा. सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या लावतायत, दिवाळीच्या आधी गल्लीच्या दोन्ही अंगांना पणत्यांच्या राशी असतात. हातात घेऊन, बोटानं टिचकी मारून, खणखणीत वाजते ती निवडता येते.

वातींच्या पाकिटात फुलवाती आणि लांब वाती दोन्ही आहेत, कापूस स्वच्छ. देवापुढच्या तुपाच्या निरांजनात फुलवात, तेलाच्या पणतीत लांब वात, एवढं ध्यानात ठेवा.

धनत्रयोदशीसाठी धने आणि गुळाची छोटी पुडी आहे. ही कल्पना मला आवडली. धन्वंतरीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवायची पद्धत शहरात विसरत चाललीय, सगळा दिवस सोन्याच्या दुकानातच जातो. समुद्रमंथनातून अमृतकुंभ घेऊन वर आला तो धन्वंतरी, वैद्यांचा देव. धन म्हणजे आधी धडधाकट शरीर, हे त्या मूठभर धन्यांतून घरातल्या लहानांना सांगता येतं. पण त्याच संध्याकाळचं यमदीपदान संचात कुठेच नाही. एरवी आपण दिव्याचं तोंड दक्षिणेला करत नाही. वर्षातून या एका संध्याकाळी कणकेचा दिवा करून, तेल घालून, दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवायचा, घरात कुणाला अकाली मरण येऊ नये म्हणून. त्याला काही विकत घ्यावं लागत नाही, पोळ्यांच्या कणकेतला गोळा पुरतो. विकायला काही नाही म्हणून तो वगळला असेल तर ते बरोबर नाही. मी दरवर्षी हा दिवा लावते. माझा भाऊ आजारातून उठला त्या वर्षापासून तर त्यात एकदाही खंड नाही.

अनारशाच्या पिठाबद्दल आता. हा पदार्थ तयार पिठाचा करायचा म्हटलं की जुन्या बायका नाक मुरडतात, आणि त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, किसलेल्या गुळात मळून गोळा डब्यात भरून ठेवायचा. जेवढा मुरेल तेवढी जाळी पडते. बेंगळुरूच्या एका खोलीच्या घरात, दोघंही नोकरीला, हे होणार नाही. म्हणून हे पीठ.

गोळा हातात घेतला तर मऊ, किंचित चिकट, वास आंबूस-गोड, जसा हवा तसा. केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळला. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडला. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं कडेचं तूप वर उडवत राहायचं. पहिला हसला, म्हणजे तुपात पसरून जाळीचे तुकडे झाले. पीठ सैल होतं. मूठभर तांदळाची पिठी मळून घातली आणि पुढचे सगळे नीट झाले, मधोमध जाळी, कडा कुरकुरीत, तळहाताएवढे. पाकिटावर हा उपाय लिहिलेला आहे, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं: हसला तर पिठी घाला, फुललाच नाही तर केळं किंवा दुधाचा थेंब. ज्यानं हे लिहिलं त्यानं अनारसे नक्की तळलेले आहेत. गूळ चांगला, चिकीचा नाही. अर्ध्या किलोत पंचवीसेक अनारसे होतात. लेकीचे सुरुवातीचे काही हसले, मग जमले. तिनं फोटो पाठवला तो मी सगळ्या जावांना दाखवला.

लक्ष्मीपूजनाच्या कप्प्यात लाह्या, बत्तासे, पाच बोळकी, हळदकुंकू आणि केरसुणी आहे. लाह्या साळीच्या आहेत, ताज्या आणि स्वच्छ, बोळक्यांत भरून छान दिसल्या. केरसुणी मात्र वीतभर लांबीची, जरीची पट्टी गुंडाळलेली, काड्या डिंकानं चिकटवलेल्या. शोभेची वस्तू म्हणून ठेवायला ठीक. पण आपण लक्ष्मी म्हणून जिला हळदकुंकू वाहतो ती झाडणारी केरसुणी असते, घराबाहेर अलक्ष्मी काढणारी. शिंदीच्या पानांची, घट्ट बांधलेली, हातात वजन लागणारी. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून तिनंच घर झाडायचं असतं. ज्या हातांनी ती बांधली त्यांनाही त्या दिवसांत चार पैसे मिळतात. ठाण्याला जांभळी नाक्यावर दिवाळीच्या आठवड्यात केरसुण्या घेऊन बसलेल्या बायका असतात, मी तिथूनच घेते. संचातून ही वस्तू काढून टाकली तर बरं होईल. ठेवायचीच असेल तर खरी ठेवा, खोकं थोडं लांब करा.

आता पुस्तिका. सोळा पानं, गुळगुळीत कागद, छपाई सुंदर. आणि मजकूर वाचून मी अस्वस्थ झाले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच कथा: राम अयोध्येला परतले, लोकांनी दिवे लावले, ती दिवाळी. ती कथा आपलीही आहे, रामाला नमस्कार करूनच मी बोलते. पण महाराष्ट्रातल्या दिवाळीचा एकेक दिवस वेगळी गोष्ट सांगतो आणि पुस्तिकेत त्या गोष्टींना जागाच नाही. वसुबारस नाही. गाय-वासराची पूजा, त्या दिवशी गाईचं दूध-तूप न खाणं, दारात गोपद्म काढणं, काहीच नाही. आमच्याकडे दिवाळी सुरूच तिथून होते. नरक चतुर्दशीला ‘छोटी दिवाळी’ म्हटलंय आणि संध्याकाळी दिवे लावा एवढंच लिहिलंय. म्हणजे ज्या खोक्यात उटणं ठेवलं त्याच खोक्यातली पुस्तिका उटणं कधी लावायचं ते सांगत नाही. सूर्योदयाआधी उठायचं, आईनं किंवा घरातल्या बाईनं तेल लावायचं, अर्ध्या अंघोळीत ओवाळायचं, बाहेर कुणीतरी फुलबाजी लावायची. सत्यभामेला सोबत घेऊन कृष्णानं नरकासुराला मारलं, त्याच्या बंदीत असलेल्या सोळा हजार शंभर स्त्रिया सोडवल्या, आणि रक्ताचे थेंब उडालेल्या कृष्णाला पहाटे तेल लावून न्हाऊ घातलं, ती ही अंघोळ. बेंगळुरूतल्या माझ्या लेकीला हे ठाऊक आहे. पण ज्या मुलीला ठाऊक नाही तिच्यासाठीच तर पुस्तिका असते.

सगळ्यात जास्त खुपलं ते पाडव्याचं पान. शीर्षक ‘गोवर्धन पूजा’. बळीराजाचं नावसुद्धा नाही. ज्या मातीत बाया ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, तिथे विकायच्या वस्तूत बळी नसावा? वामनानं तीन पावलं मागितली, दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश व्यापलं, तिसऱ्यासाठी बळीनं आपलं मस्तक पुढे केलं. दिलेला शब्द न मोडणारा राजा म्हणून त्याच्या नावानं हा दिवस ओळखला जातो, बलिप्रतिपदा. शेतकऱ्याला आपण आजही बळीराजा म्हणतो. महात्मा फुल्यांनी बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून मांडलं, ती आठवण आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे. जावयांच्या घरी पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात, त्यांवर झेंडूची फुलं खोचतात. त्यांनी पुस्तिका वाचून मला विचारलं, ‘यात आमचं काहीच कसं नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त हाच, व्यापाऱ्यांचं विक्रम संवत याच दिवशी बदलतं, बायको नवऱ्याला ओवाळते ती याच दिवशी. यातलं एकही वाक्य तिथे नाही.

आणि तारखांची चूक तर अशी की तिच्यामुळे कुणाची पूजा चुकली असती. पुस्तिकेत लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला छापलंय. २०२५ मध्ये अमावास्या २० तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ तारखेला संध्याकाळी सहाच्या जरा आधी संपली. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी २० ला पूजा झाली, आपल्याकडच्या पंचांगांनी २१ तारीख दिली होती. आपल्याकडे २० ची पहाट अभ्यंगस्नानाची होती. वसुबारस १७ ला, धनत्रयोदशी १८ ला, १९ चा दिवस मधे मोकळा, मग २० ला नरक चतुर्दशी, २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज. महाराष्ट्रात विकायचा संच असेल तर छापण्याआधी एक मराठी दिनदर्शिका उघडून पाहायला काय हरकत होती? मी लेकीला तारखा हातानं लिहून पाठवल्या.

कंदील पुठ्ठ्याचा, घडीचा. पाच मिनिटांत उभा राहतो, आत दिवा सोडायला भोक आहे, झिरमिळ्या मात्र तोकड्या. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून खळीनं चिकटवत घरीच करावा. कार्तिकात पितरांसाठी उंचावर आकाशदिवा टांगायची जुनी चाल आहे, तेव्हा तो भाऊबीजेनंतर लगेच उतरवायची घाई करू नका. आमचा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असतो.

रांगोळीचे पाच रंग आणि एक छाप आहे. रंग ठीक. पांढरी रांगोळी चिमटीतून एकसारखी सुटते, गुठळ्या नाहीत.

भाऊबीजेसाठी खोक्यात काहीच नाही, आणि मला तरी तिथे काही नकोच आहे. यम यमुनेच्या घरी जेवायला गेला त्या दिवशी भावानं बहिणीच्या दारात उभं राहायचं असतं. माझ्या लेकीला सख्खा भाऊ नाही. तिनं संध्याकाळी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळलं, तशी आपल्याकडे रीतच आहे, आणि मग शेजारच्या मराठी मुलाला जेवायला बोलावलं.

कुरिअरबद्दल एवढंच की ठाण्याचं खोकं वेळेत आलं, बेंगळुरूचं वसुबारशेच्या आदल्या संध्याकाळी. दोन बोळकी फुटली होती. कळवल्यावर त्यांनी पैसे परत केले, आणि तेल, केरसुणी, तारखा हे सगळं मी लिहून पाठवलं तेव्हा ‘पुढच्या वर्षी पुस्तिका बदलतो’ असं उत्तर आलं. मी त्यांना बळीचा आणि वसुबारशेचा मजकूर लिहून द्यायला तयार आहे असंही कळवलंय.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर पूर्ण संच नको. उटणं, अनारशाचं पीठ आणि लाह्या-बत्तासे सुटे मागवता येतात, ते तिन्ही मिळून ४८० रुपये होतात. कोजागरीच्या आधी ऑर्डर द्या, कारण वसुबारस त्यानंतर अकरा-बारा दिवसांतच येते आणि पीठ हातात पडल्यावर ते आणखी थोडं मुरलं तर अनारसे जास्त छान फुलतात. तिळाचं तेल घाण्यावरून, केरसुणी बाजारातून, पणत्या कुंभाराकडून. कारीट मिळालं तर दोन जास्त आणा, शेजाऱ्यांच्या मुलांना फोडायला.